लग्न नव्हतं, लेकरू आहे: मग ताबा कोणाकडे?

चिमूरवरून बोलतोय. मागे कोंबडा ओरडला तर समजून घ्या, आपला स्टुडिओ म्हणजे आमच्या घराची मागची खोली आहे. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून टाकतोय.

आजचा विषय मी चार महिन्यांपासून पुढं ढकलत होतो. कारण तो माझ्याच घरातला आहे.

बीटेक झाल्यावर पुण्यात नोकरी लागली. तिथं एका मुलीसोबत मी साडेचार वर्षं राहिलो. लग्न केलं नाही. आम्हाला मुलगी झाली, ती आता चार वर्षांची आहे. मागच्या वर्षी आम्ही वेगळे झालो. मारझोड नाही, तिसरं कोणी नाही, जमेनासं झालं एवढंच. ती लेकराला घेऊन नाशिकला आईकडे गेली. मी घरून काम मागून घेतलं आणि गावी आलो. हे सगळं तिला विचारून सांगतोय. नावं घेणार नाही.

घरी आल्यावर आईचा पहिला प्रश्न, "लेकरू आपलंच हाय ना? मंग आन ना घरी." मामा तर उभ्याउभ्याच बोलले, "बाप हायेस ना तू! जाय अन् घेऊन ये. कोन अडवते?"

खरं सांगू? तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. जन्मदाखल्यावर माझं नाव आहे, दर महिन्याला पैसे पाठवतो, मग हक्क अर्धा-अर्धा असणार. आपलं डोकं कोड लिहिणाऱ्याचं, दोन भागिले दोन बरोबर एक. मग शंभरेक किलोमीटर गाडी हाणून चंद्रपूरला एका वकील ताईंना भेटलो. त्यांनी ते गणित दहा मिनिटांत खोडलं.

पहिली गोष्ट. 'पालकत्व' आणि 'ताबा' हे दोन वेगळे शब्द आहेत. लेकराच्या वतीनं सही कोण करणार, त्याच्या मालमत्तेचं कोण बघणार, हे पालकत्व. लेकरू रोज कोणाजवळ झोपणार, हा ताबा. आणि ज्याच्याकडे ताबा नाही त्यानं कधी भेटायचं, हा भेटीचा हक्क. भांडताना आपण तिन्ही एकाच पिशवीत टाकतो.

दुसरी गोष्ट. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६. त्याच्या कलम ६ मध्ये लग्नाच्या जोडप्याचं लेकरू असेल तर आधी वडील, मग आई असं लिहिलंय. १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्याचा अर्थ आईच्या बाजूनं मोकळा केला, म्हणजे वडील जिवंत असतानाही, ते लक्ष घालत नसतील तर आई पालक असू शकते. पण लग्नाशिवाय झालेल्या लेकराबाबत तोच कायदा क्रम उलटा लावतो. आधी आई, तिच्यानंतर वडील. म्हणजे माझा नंबर दुसरा.

मी म्हटलं, "ताई, पण आम्ही नवरा-बायकोसारखेच राहत होतो." त्या म्हणाल्या, तो मुद्दा मांडता येतो. स्त्री-पुरुष दीर्घकाळ नवरा-बायको म्हणून राहिले तर लग्न झालंय असं न्यायालय गृहीत धरू शकतं, २०२२ मध्येही सर्वोच्च न्यायालयानं हे सांगितलंय. पण ते गृहीतक पुराव्यानं खोडता येतं. आणि मग त्यांनी मला विचारलं, "तुम्ही दोघांनी लग्न करायचं नाही असं ठरवलं होतं ना? मग आता कोर्टात उभं राहून काय सांगणार?" मी गप्प.

तिसरी गोष्ट आपल्या भागासाठी फार महत्त्वाची. हा १९५६ चा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, तसं त्यातच लिहिलंय. चिमूर, सिंदेवाही, पलीकडे गडचिरोली, आपल्याकडे गोंड, माना, माडिया समाज किती आहे तुम्हाला माहीत आहे. तिथं समाजाची रूढी आणि १८९० चा पालक व पाल्य कायदा बघावा लागतो. म्हणून मोबाईलवरचा कुठलातरी व्हिडिओ बघून "कायदा असाच आहे" असं मित्राला सांगू नका. आधी विचारा, तो कायदा त्याला लागू होतो का.

कायदा कुठलाही असो, शेवटी तराजूत एकच गोष्ट जाते, लेकराचं हित. आई पहिली असली तरी ती लेकराला सांभाळतच नसेल तर न्यायालय वडिलांकडे ताबा देऊ शकतं. ताब्याचा आदेश कायमचा दगडावर कोरलेला नसतो, परिस्थिती बदलली की पुन्हा अर्ज करता येतो. आणि अर्ज कुठं करायचा? लेकरू जिथं राहतं तिथं. म्हणजे चंद्रपूर नाही, नाशिक.

मला राग आला होता. आई पहिली का? मी पळून गेलेलो नाही ना?

ताईंनी मग शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याची आठवण करून दिली. झरी-जामणी भागातल्या कुमारी मातांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय. बाहेरून आलेले ठेकेदार, व्यापारी. फसलेल्या कोलाम, गोंड पोरी. आणि बापाच्या नावाची जागा रिकामी असलेली लेकरं. तिथं ताबा मागायला कोणी येतच नाही. तिथं आईनं प्रत्येक सहीसाठी त्या माणसाला शोधत फिरायचं का? २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं एका अविवाहित ख्रिश्चन आईच्या प्रकरणात हेच सांगितलं, की पालकत्वासाठी तिला वडिलांचं नाव उघड करायची किंवा त्यांना नोटीस द्यायची सक्ती नाही. आता तर आपल्या राज्यात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदांवर स्वतःच्या नावानंतर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं.

हे ऐकल्यावर माझा राग ओसरला असं नाही. पण तो नियम माझ्यासारख्याला हाकलायला केलेला नाही, एवढं कळलं.

आता आयांसाठी दोन गोष्टी. लग्न झालेलं नसलं तरी लेकराला वडिलांकडून पोटगी मिळते. आधी हे कलम १२५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. आणि घरात हिंसा होत असेल तर २००५ चा कायदा लग्नासारख्या नात्यातल्या बाईलाही लागू होतो, त्यात लेकराचा तात्पुरता ताबाही मागता येतो. वकिलाला पैसे नाहीत? महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना मोफत वकील मिळतो. १५१०० हा नंबर मोबाईलमध्ये टाकून ठेवा.

आणि बापांसाठी. पैसे द्या, पण बँकेतून द्या, नोंद राहते. लेकराला उचलून आणायच्या भानगडीत पडू नका, मामा काहीही म्हणोत. भेट मागा. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका विवाहित जोडप्याच्या प्रकरणात सांगितलं, की दूर राहणाऱ्या आई किंवा वडिलांना फोनवर, व्हिडिओ कॉलवर लेकराशी बोलता आलं पाहिजे. लेकराला दोघंही लागतात.

मी अर्ज केला नाही. ताईंनी मसुदा करून दिला होता, तो अजून लॅपटॉपमध्ये आहे. त्याऐवजी मी नाशिकला गेलो, तिच्या आईसमोर बसलो आणि दोघांनी मिळून एक कागद लिहिला. रोज रात्री आठला दहा मिनिटं कॉल. महिन्यातून एक शनिवार-रविवार मी तिकडे. शाळेचा आणि दवाखान्याचा निम्मा खर्च माझा. उद्या वाद झालाच तर या कागदानं न्यायालयाचे हात बांधले जाणार नाहीत, हे मला माहीत आहे. पण आज आम्हाला तो पुरतोय.

पहिल्या भेटीत पोरगी माझ्याकडे आलीच नाही. आजीच्या पदरामागून बघत राहिली. दीड तासानं जवळ आली आणि विचारलं, "तू मोबाईलमधून बाहेर कसा आलास?"

मी काय उत्तर देणार, मंडळी. कोड लिहून पोट भरतो, पण याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

माघात आपल्या बालाजीची घोडा यात्रा असते. लेकराला तेव्हा चार दिवस चिमूरला आणू का, असं तिच्या आईला विचारलंय. ती म्हणाली, "बघू." माझ्या आईनं मात्र आताच लहान बांगड्या आणून ठेवल्यात.

तुमच्या ओळखीत असं कोणी असेल तर त्याला हा भाग पाठवा. आणि मामा ऐकत असतील तर, मामा, उत्तर मिळालं ना जी?

भेटू पुढच्या भागात.