पंच कोणाचा?

भाताची कापणी आटोपली, की शहापूर-मुरबाडकडे मोकळ्या खाचरांत क्रिकेट सुरू होते. दोन गावांचा सामना ठरला म्हणजे पहिला प्रश्न निघतो, "पंच कोण?" आणि बहुधा ते ओझे गुरुजींच्या गळ्यात पडते. त्रिफळा उडाला तर साऱ्यांना दिसतो, पण पायचीत? चेंडू पायाला लागला नसता तर यष्टीवर गेला असता का, हे एकट्या पंचाने ठरवायचे. आणि फलंदाज त्याच्याच गावचा असला म्हणजे?

हा पेच थेट कसोटी सामन्यातही आलेला आहे. हिंदुस्थानातला पहिला कसोटी सामना १५ डिसेंबर १९३३ रोजी मुंबई जिमखान्यावर सुरू झाला. लाला अमरनाथांच्या ११८ धावा आपल्याला ठाऊक असतात. पंच फ्रँक टॅरंट कोणाला आठवत नाहीत! हे गृहस्थ मेलबर्नचे, जन्म १८८० चा. इंग्लंडात मिडलसेक्सकडून खेळून त्यांनी नाव मिळवले. प्रथम श्रेणीत दीड हजारांवर बळी आणि जवळजवळ अठरा हजार धावा; पण खेळाडू म्हणून कसोटी एकही नाही. पुढे आपल्या संस्थानिकांनी त्यांना जवळ केले. १९१८-१९ च्या हंगामात पुण्यास, कूचबिहारच्या महाराजांच्या संघाकडून, त्यांनी एका डावात दहाच्या दहा गडी टिपले आणि वर नाबाद १८२ धावा केल्या. नंतर ते पतियाळाच्या महाराजांच्या पदरी राहिले. ऑस्ट्रेलियातले घोडे इकडे आणून विकण्याचा धंदाही त्यांना चांगला जमला.

इंग्लंडचे कप्तान जार्डिन यांनी मात्र त्यांच्या पंचगिरीला हरकत घेतली. फेब्रुवारी १९३४ मधल्या मद्रासच्या कसोटीत टॅरंट पंच नव्हते. त्याच सामन्यात पतियाळाचे युवराज आपल्या बाजूने खेळले! टॅरंटनी पक्षपात केला असे मला म्हणायचे नाही. क्रिकेटची त्यांची जाण कोण नाकारील? पण ज्याचे अन्न खातो त्याचाच मुलगा समोर उभा असता, तर त्यांच्या खऱ्या निकालावरही लोकांनी विश्वास ठेवला असता काय?

आपल्या ठाण्यात राहिलेले पिलू रिपोर्टर १९८६ साली रामस्वामींबरोबर लाहोरला गेले, ते याच कारणाने. सामना पाकिस्तान व वेस्ट इंडीजचा, पंच दोघेही भारतीय. पुढे २००२ पासून कसोटीत दोन्ही पंच तिऱ्हाईत देशांचे नेमण्याची रीत पडली.

तेव्हा गुरुजी, यंदा टोकावडे आणि सरळगाव यांचा सामना ठरला, तर पंच धसईहून बोलवा. त्याचे एसटीचे भाडे मात्र दोन्ही गावांनी निम्मे निम्मे द्यावे.