नाव झाकले की हिशेब झाकला

साहित्याच्या व्यासपीठावर माहिती अधिकाराचे कलम कशाला, असा प्रश्न ज्यांच्या मनात आला असेल त्यांनी याच छत्तीसगडच्या भूमीतले मराठी पूर्वसुरी आठवावेत. जानेवारी १९०० मध्ये माधवराव सप्रे यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले आणि वामनराव लाखे त्याचे प्रकाशक झाले. पुढे ‘हिंदी केसरी’तल्या लेखांपायी सप्रे १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात गेले. सत्तेला जाब विचारणे हे आपल्या घरातले काम आहे, म्हणून आज मी थेट भांडणाच्या विषयाला हात घालतो.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्यात खासगीपणाचे रक्षण पहिल्या दिवसापासून होते. कलम ८(१)(जे) सांगत होते की ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी वा हिताशी संबंध नाही, किंवा जी उघड केल्याने एखाद्याच्या खासगी आयुष्यावर विनाकारण आक्रमण होईल, ती नाकारता येईल. व्यापक जनहित असेल तर मात्र ती द्यावी लागेल. शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती सामान्य माणसालाही नाकारायची नाही, अशी पुस्ती होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने हे सगळे काढून टाकले. आता माहिती ‘वैयक्तिक’ आहे एवढेच कारण नकाराला पुरते. नोव्हेंबर २०२५ पासून हा बदल अमलात आहे. माहिती अधिकार कायद्यात ‘वैयक्तिक माहिती’ची व्याख्याच नाही, त्यामुळे तिचा अर्थ आधी ठरवणार तो टेबलामागे बसलेला अधिकारीच.

याचा अर्थ काय ते रोजगार हमीच्या मस्टरवर दिसते. त्यावर मजुराचे नाव, जॉबकार्डाचा क्रमांक, रोजची हजेरी, एकूण दिवस, मजुरीची रक्कम आणि शेवटी सही किंवा अंगठा असतो. ही प्रत्येक नोंद कुणाची तरी वैयक्तिक माहिती आहे. पण चोरी पकडली जाते तीही इथेच. ग्रामसभेत नावे मोठ्याने वाचली की हा तर दोन वर्षांपूर्वी वारला, ही तर लग्न होऊन परगावी गेली, असे गावच सांगते. नावे काढून नुसती बेरीज दिलीत तर ती बेरीज नेहमीच बरोबर येईल. छत्तीसगडने हे स्वतः ओळखले होते. २००४ साली राशनची दुकाने खासगी दुकानदारांकडून काढून ग्रामपंचायती, बचतगट आणि सहकारी संस्थांकडे दिली गेली. पुढे कार्डधारकांच्या याद्या संकेतस्थळावर आल्या. या राज्याच्या धान्यवाटपाचे देशभर कौतुक झाले त्यात या उघडेपणाचाही वाटा आहे. मुंबईच्या ‘आदर्श’ गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीतील घोटाळ्याचे प्रकरणही सदस्यांच्या नावांवाचून उभे राहिले नसते. त्याच प्रकरणात नोव्हेंबर २०१० मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ च्या पुट्टास्वामी निकालात सांगितले, हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्याच निकालाने प्रमाणबद्धतेची कसोटी घालून दिली. दोन हक्क समोरासमोर आले तर दोन्ही तोलावेत, एकाचा गळा दाबू नये. न्यायमूर्ती अजित प्रकाश शाह यांच्या गटाने २०१२ सालीच बजावले होते की खासगीपणाच्या कायद्याने माहिती अधिकाराची वाट अडवू नये. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यातही व्यक्तीचे नुकसान जनहितापेक्षा मोठे असेल तरच नकार, अशी अट होती. दोघेही मुंबई उच्च न्यायालयात न्यायदान केलेले. त्यांचे ऐकले असते तर हे भांडण उरले नसते.

सरकारपक्षाचा युक्तिवाद असा की कलम ८(२) अजून शाबूत आहे आणि जनहित मोठे असेल तर माहिती देता येते. देता येते, हे खरे. पण आता जनहित सिद्ध करण्याचे ओझे अर्जदाराच्या डोक्यावर आले आणि सोडण्याची मुभा कार्यालयाच्या मर्जीवर गेली. गिरीश देशपांडे प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने अधिकाऱ्याला दिलेल्या नोटिसा आणि त्याच्या मालमत्तेचा तपशील वैयक्तिक ठरवला, तोही जुने कलम जागेवर असताना. त्या निकालाचा आधार घेऊन नंतर किती अर्ज परत गेले, हे अर्ज करणाऱ्यांना विचारा. आता तर आधाराचीही गरज नाही.

दुसरा आक्षेप खंडणीचा. माहिती मागून अधिकाऱ्यांना छळणारे लोक आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. खंडणीला फौजदारी कायदा आहे, तो वापरा. चार खंडणीखोरांसाठी मस्टर तपासणाऱ्या सगळ्या गावाचे तोंड बंद करणे हा न्याय नव्हे. आणि रुग्णाचा आजार, पीडितेची ओळख, आधार क्रमांक, फोन नंबर हे झाकलेच पाहिजे. त्यासाठी कलम १० आहेच: झाकण्याजोगा भाग वेगळा काढा, उरलेला कागद द्या. एवढी सोय हाताशी असताना सगळा कागदच अडवण्याचे एकही पटणारे कारण अजून कुणी दिलेले नाही.

म्हणून या व्यासपीठावरून माझी स्पष्ट मागणी आहे: कलम ८(१)(जे) चे मूळ शब्द, पुस्तीसह, परत आणा. संमेलनाच्या खुल्या अधिवेशनात हा ठराव मांडा, मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत मंजूर करा, आणि राज्यातल्या प्रत्येक खासदाराकडे पाठवून त्याचे लेखी उत्तर मागा.