मेमरी कार्ड : संगणकाची पुसता येणारी पाटी



पुष्कळ शाळांतून संगणकाला हात लावण्याची मुलांना मनाई असते. यंत्र बिघडेल, ही भीती तिच्या मुळाशी असते. ती भीती घालविणाऱ्या एका अल्पमोली साधनाविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

इंग्लंडातील केंब्रिज येथील एका शैक्षणिक संस्थेने २०१२ साली ‘रास्पबेरी पाय’ हा तळहाताएवढा संगणक विक्रीस आणला. मुलांनी संगणक नुसता वापरू नये, त्याला आज्ञा देण्यासही शिकावे, हा तिचा हेतू. किंमत कमी राहावी म्हणून त्यात हार्ड डिस्क ठेवलेली नाही. प्रारंभी त्यास एसडी कार्ड लागे. २०१४ च्या ‘बी प्लस’ नमुन्यापासून मोबाईलमधील नखाएवढे मायक्रोएसडी कार्ड चालू लागले. वीज देताच यंत्र या कार्डावरील आरंभीच्या फायली वाचते व सारी कार्यप्रणाली त्यावरूनच सुरू होते.

यातच शाळेचा लाभ आहे. मुलाने काही पुसून टाकले, तरी यंत्रास सहसा धक्का लागत नाही. कार्ड पुन्हा लिहिले की काम भागते. पाटीवरचे अक्षर चुकले म्हणून आपण पाटी फोडीत नाही, तसेच हे होय.

मात्र काही पथ्ये पाळावीत. कार्डावर लेखन चालू असता वीज गेली, तर फायली नासण्याचा संभव असतो. म्हणून संगणक रीतसर बंद करूनच वीज तोडावी, कार्डही त्यानंतरच काढावे. जेथे वीज वारंवार जाते तेथे इन्व्हर्टरची जोड द्यावी. दुसरे असे की, कार्डातील प्रत्येक कप्पा ठराविक वेळाच लिहिता येतो, कार्ड झिजते. म्हणून मुलांचे काम दर आठवड्यास पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे. तिसरे, बाजारात खोट्या क्षमतेची कार्डे मिळतात. नवे कार्ड एकदा पूर्ण भरून, भरलेले सर्व परत वाचता येते की नाही, हे पाहावे. ‘ए१’ खूण असलेले कार्ड घेणे बरे. लहान लहान फायली झरझर वाचण्या-लिहिण्याची किमान गती त्या खुणेने दर्शविली जाते.

कार्ड तयार करण्याचा ‘रास्पबेरी पाय इमेजर’ हा प्रोग्राम विनामूल्य आहे. शाळेत इंटरनेट नसल्यास केंद्रशाळेत एकाच बैठकीत दोन कार्डे लिहून घ्यावीत. एकावर ‘मुलांचे’ व दुसऱ्याच्या डबीवर ‘राखीव’ अशी चिठ्ठी लावावी. राखीव कार्ड हाताशी असले, म्हणजे चुकणाऱ्या मुलावर रागावण्याचे कारण उरत नाही.