विवाहाचा हक्क आणि आपले कर्तव्य
(पोहरादेवी येथील भाषण)



ही पोहरादेवी बंजारा समाजाची तीर्थभूमी. हा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत गणला जातो. विमुक्त म्हणजे कोण? परकीय सत्तेने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरविले आणि १९५२ साली ज्यांची त्या कलंकातून सुटका झाली, ते. १८७१ चा तो मूळ कायदा उघडून पाहा. त्याच्या नावातच गुन्हेगार जमातींच्या शेजारी तृतीयपंथीयांना बसविले आहे. एकाच लेखणीने दोघांना अपराधी केले! तेव्हा समलिंगी स्त्रीपुरुषांचा प्रश्न आपला नव्हे, असे कोणी म्हणू नये.

बाबासाहेबांनी तसे म्हटले नाही. १९३४ साली 'समाजस्वास्थ्य'कर्ते र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या ज्या प्रश्नोत्तरांवर आक्षेप होता, त्यांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. त्या खटल्यात कर्व्यांच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला; परंतु वकिली कोणासाठी करावयाची, हे त्यांनी शिकविले.

कलम ३७७ विरुद्धचा लढा श्रीधर रंगायन यांनी 'ब्रेकिंग फ्री' या २०१५ च्या माहितीपटात दाखविला आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्या कलमातून मुक्त केले. त्या निकालाचा आधार होता बाबासाहेबांनी संविधान सभेत सांगितलेली संविधानिक नीती. गुन्हा गेला, पण हक्क आला काय? १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात पुरुषाला २१ व स्त्रीला १८ वर्षांची अट आहे. दोन पुरुषांना वा दोन स्त्रियांना तेथे जागा नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींनी हा प्रश्न संसदेवर सोपविला. फेरविचाराचे अर्जही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले.

याचा अर्थ काय? तीस वर्षे एकत्र संसार करूनही जोडीदाराच्या मृत्यूनंतर कायद्याच्या दृष्टीने दुसरा परका! मृत्युपत्र नसेल, तर वारसा नाही. जोडीदाराचे निवृत्तिवेतनही नाही.

मद्रासमधील स्वाभिमान विवाह १९५३ साली न्यायालयाने अवैध ठरविले होते, कारण त्यांत पुरोहित व होम नव्हता. १९६७ साली तेथील विधिमंडळाने कायदा दुरुस्त करून त्यांना मान्यता दिली. न्यायालयाचे दार बंद झाले, की विधिमंडळाचे ठोठवावे, हाच त्यातील धडा.

आपल्याही विवाहात सप्तपदी नाही. 'हे लग्न खरे काय?' हा प्रश्न आपण ऐकलेला आहे. ज्याने तो ऐकला, त्याने तो दुसऱ्यास विचारू नये. बंधुता निवडक नसते. आपल्या आमदार-खासदारांना विचारा: हा कायदा तुम्ही केव्हा दुरुस्त करणार?