वाळूची ऊब आणि कासवाचे पिल्लू



मंडणगड तालुक्यातील वेळासच्या किनाऱ्यावर मी एकदा मुलांसमवेत उभा होतो. टोपली उचलताच कासवाची पिल्ले समुद्राकडे धावू लागली. चौथीतील एका मुलीने विचारले, "गुरुजी, ह्यांत नर कोणते नि मादी कोणती?" बाहेरून ओळखता येत नाही, एवढेच मी सांगू शकलो. उत्तर अपुरे होते हे घरी येऊन वाचल्यावर कळले.

माणसाचे अपत्य मुलगा की मुलगी, हे गर्भधारणेच्या वेळीच ठरते. सागरी कासवाचे तसे नाही. मादी वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, तो बुजविते आणि निघून जाते. पुढे अंडी वाळूच्या उबेवरच वाढतात, आणि ह्या काळाच्या मधल्या टप्प्यात वाळू किती तापलेली आहे, त्यावर पिल्लाचे लिंग ठरते. २९ अंश सेल्सिअसच्या सुमारास दोन्ही प्रकारची पिल्ले निघतात. त्याखाली नर अधिक, त्यावर माद्या अधिक. एकदोन अंशांचा हा फरक आपल्या हाताला कळावयाचाही नाही!

ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरिअर रीफ ह्या प्रवाळप्रदेशात हरित कासवांचा जो अभ्यास झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी समुद्रात चरणारी कासवे पकडली, रक्तातील संप्रेरके तपासून त्यांचे लिंग निश्चित केले आणि आनुवंशिक खुणांवरून त्यांचा जन्मकिनारा शोधला. दक्षिणेकडील थंड किनाऱ्यांवर जन्मलेल्यांत ६५ ते ६९ टक्के माद्या आढळल्या. उत्तरेकडील उष्ण किनाऱ्यांवरच्या प्रौढ कासवांत हे प्रमाण सुमारे ८७ टक्के होते, तर तेथल्याच लहान कासवांत ९९ टक्क्यांहून अधिक! प्रौढ म्हणजे जुन्या काळी जन्मलेली, लहान म्हणजे अलीकडची. तेव्हा बदल कोणत्या दिशेने चालला आहे हे उघड आहे. कासव वयात यावयास दशके लागतात, म्हणून नरांची उणीव आज समुद्रात जाणवणार नाही. ती जाणवेल तेव्हा मात्र वेळ निघून गेलेली असेल.

वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ साली संवर्धनाचे काम आरंभिले. तेथे येणारे कासव ऑलिव्ह रिडले जातीचे. नियम मात्र तोच. कोल्ह्याकुत्र्यांपासून वाचविण्यासाठी अंडी उचलून कुंपणात पुरली, की ती जागा उन्हात आहे की सावलीत, ह्यावर पिल्लांचे लिंग अवलंबून राहते. रक्षणकर्त्यांवर ही नवीच जबाबदारी येऊन पडली आहे.

किनाऱ्यावरील शाळांना एक प्रयोग सहज करता येईल. घरट्यांपासून दूर, वाळूत हातभर खोल खड्डा घ्यावा, तळाशी तापमापक ठेवून तो बुजवावा आणि काही वेळाने काढून लगेच अंश वाचावेत. एक खड्डा उघड्यावर, दुसरा सुरूच्या सावलीत. डिसेंबरपासून मार्चअखेर दर शनिवारी मुलांनी वहीत नोंद करावी. अंड्यांना कोणीही हात लावू नये. कायद्यानेही तो गुन्हा आहे.