उष्णता नव्हे, हकिगत सांगा

श्रोतेहो, वसंत व्याख्यानमालेत नाट्यसंगीतावर, इतिहासावर, गेला बाजार हापूसवर बोलायची रीत आहे. मी बोलणार आहे मूळव्याधीवर. पुढच्या रांगेत आत्ताच खुसखुस झाली. आजाराइतकीच ती मला नडते.

माणूस दवाखान्यात येतो, 'जरा उष्णता झालीय' म्हणतो, पित्ताच्या गोळ्या घेतो आणि चप्पल घालता घालता वळतो, 'आणि डॉक्टर, खालून थोडं रक्त जातं.' कधीपासून? 'गणपतीपासून.' आणि आता तर आंबे उतरायला आले! मधल्या काळात भिंतीवरची 'विना ऑपरेशन, गॅरंटीने' ही जाहिरात वाचून मलम लावून झालेलं असतं, घरी सुरणाची भाजी झालेली असते. सुरणाला माझी हरकत नाही, पण रक्त कुठून येतं ते सुरण सांगत नाही. मूळव्याध, फिशर, भगंदर, आतड्याचा कर्करोग, रक्त सगळ्यांत जाऊ शकतं.

लाजायचं कशाला? सुश्रुताने अर्श आणि भगंदर यांवर स्वतंत्र अध्याय लिहिले. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने 1686 साली, म्हणजे शिवछत्रपती गेल्यावर सहा वर्षांनी, भगंदराची शस्त्रक्रिया करून घेतली, तीही भुलीशिवाय. दरबारात मग त्या दुखण्याचीच फॅशन आली!

तेव्हा रोगाचं नाव ठरवून येऊ नका, हकिगत आणा. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहा: रक्त लालभडक की काळपट, शौचात मिसळलेलं की नंतर टपटपणारं, दुखतं का, मोड बाहेर येतो का, शौचाची सवय बदलली का, वजन उतरलं का, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग होता का. चालू औषधांची पाकिटं पिशवीत टाका, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि वैदूची पुडीसुद्धा. बायकांनी लोहाच्या गोळ्या चालू असतील तर आवर्जून सांगावं, कारण त्यांनीही शौच काळी होते. डांबरासारखी चिकट, घाण वासाची काळी शौच मात्र वेगळी. तशी झाली तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

तपासणीची धास्ती फुकटची आहे. कुशीवर झोपायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे. डॉक्टर हातमोजा घालून, जेली लावून बोटाने तपासतात. मिनिटाभराचं काम. लागलं तर छोटी नळी घालून आत बघतात. नको वाटलं तर 'थांबा' म्हणा, थांबतात. बायकांनी नर्स सोबत हवी असं बेलाशक सांगावं. तपासणीसाठी उपाशी राहू नका, घरच्या घरी एनिमा घेऊ नका.

रक्त थांबतच नसेल, चक्कर येत असेल, तर ओपीडीची वाट बघू नका, 108 ला फोन लावा. बाकीच्यांनी पावस, मालगुंड, हातखंबा, जे प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ पडेल तिथे जावं. 15 ऑगस्ट 2023 पासून तिथे केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. आणि खुर्चीत बसल्यावर पहिलं वाक्य रक्ताचं बोला.