हृदयाची राखण

(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त कबनूर येथें भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं धर्मगुरूनें देहाच्या रोगावर बोलावें, याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु आपणांपैकीं बहुतेकांच्या घरीं येशूच्या परमपवित्र हृदयाचें चित्र भिंतीवर आहे, आणि त्याच भिंतीशीं निजणाऱ्या माणसाच्या हृदयाची मात्र कोणी विचारपूस करीत नाहीं. संत पौलानें शरीरास पवित्र आत्म्याचें मंदिर म्हटलें आहे. दगडविटांचें मंदिर आपण २५ वर्षें जतन केलें. आज त्या दुसऱ्या मंदिराविषयीं चार शब्द सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं एका पहाटे, रात्रपाळीहून परतलेल्या एका यंत्रमाग कामगाराच्या घरून मला आजाऱ्याच्या अभ्यंगासाठीं बोलावणें आलें. मध्यरात्रीपासून त्याची छाती दाटून आली होती. पित्त झालें असेल, असें समजून त्यानें सोडा घेतला, ओंवा चावला आणि पाळी पुरी केली. मी पोहोंचलों तेव्हां त्यास दरदरून घाम फुटला होता. मीं पवित्र तेल काढिलें व प्रार्थना आरंभिली. रुग्णवाहिका बोलाविली आहे काय, हा प्रश्न माझ्या तोंडून फार उशिरां निघाला. इस्पितळाच्या वाटेवर त्यानें प्राण सोडला. संस्कार दिल्याचें समाधान आहे. पण जें आधीं विचारावयाचें तें मीं मागाहून विचारलें. ही चूक मी आपणांपुढें कबूल करितों. आजचें भाषण हें तिचें प्रायश्चित्त समजावें.

प्रथम रोग कसा होतो तें पाहूं. हृदय म्हणजे मुठीएवढा स्नायूंचा पंप. तो दिवसाकांठीं सुमारें एक लक्ष वेळां आकुंचन पावतो आणि माणूस स्वस्थ बसला असतांही मिनिटाला सुमारें ५ लिटर रक्त देहांत खेळवितो. रक्त असें फिरून फिरून वाहतें, हें विल्यम हार्वे या इंग्रज वैद्यानें १६२८ सालीं ग्रंथ लिहून दाखवून दिलें. आश्चर्य असें कीं, रक्तानें सदैव भरलेल्या या हृदयास स्वतःच्या पोषणासाठीं मात्र निराळ्या, अरुंद धमन्यांवर अवलंबून राहावें लागतें. तंबाखू, वाढलेला रक्तदाब व मधुमेह यांमुळें त्यांचें आंतील अस्तर दुखावतें आणि तेथें रक्तांतील चरबी सांचत जाते. हें काम पुष्कळ वर्षें गुपचूप चालतें. मग एके दिवशीं तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते, वाट बंद होते आणि पुढील स्नायू मरूं लागतो. हाच हृदयविकाराचा झटका. मेंदूच्या धमनींत अशीच वाट अडली, म्हणजे पक्षाघात होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें २०१९ सालीं हृदय व रक्तवाहिन्यांच्या रोगांनीं जगांत १ कोटी ७९ लक्ष माणसें दगावलीं.

आपल्या शेजारच्या इचलकरंजींत १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं पहिला यंत्रमाग बसविला. तेव्हांपासून हा सारा परिसर मागाच्या आवाजावर जगत आला आहे. मागाचा खडखडाट जरा बदलला, तर डुलकी लागलेला कामगारही जागा होतो, धोटा तपासतो, तेलपाणी करितो. रक्तदाब मात्र बहुधा कांहींच आवाज करीत नाहीं. डोकें दुखत नाहीं, चक्कर येत नाहीं, म्हणून दाब नाहीं, हा समजच घातक आहे. दंडाला पट्टा बांधून मोजणें, हाच तो ऐकण्याचा एकमेव कान. तो वारंवार १४०/९० किंवा अधिक भरल्यास वैद्याकडे जावें. तीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य होते. गोळ्या चालू असतां दाब उतरला, म्हणजे रोग गेला असें नव्हे. तो गोळीनें दबला आहे. आपल्या मनानें गोळी बंद करूं नये.

आतां आपल्या संवयींविषयीं. उपवासकाळांत आपण मांस वर्ज्य करितों. पण तंबाखूची डबी किती जण खालीं ठेवितात? आपल्या कित्येक मायबहिणी मिसरी लावतात व तिला व्यसन म्हणत नाहींत. तीही तंबाखूच आहे. विडी-सिगारेट सोडणाऱ्याचा हृदयरोगाचा वाढीव धोका वर्षभरांत सुमारें निम्म्यावर येतो, हें ध्यानांत ठेवावें. मीठ माणशीं दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर, याहून अधिक नसावें. खरडा, लोणचें, पापड यांतील मीठही त्यांतच धरावयाचें. बारा तास मागापाशीं उभे राहिल्यानें व्यायाम झाला असें मानूं नये. आठवड्यास १५० मिनिटें तरी झपाझप चालावें. सणाच्या नांवाखालीं होणारें मद्यपान सणास शोभत नाहीं व हृदयासही सोसत नाहीं.

आणि संकट आलेंच तर? छातींत दाब, हात, जबडा किंवा पाठ यांत कळ, घाम, धाप, यांपैकीं कांहीं अकस्मात् उद्भवल्यास घरगुती उपायांत घटका दवडूं नये. स्त्रियांस व मधुमेह्यांस छातींत कळ न येतां नुसती धाप, मळमळ किंवा कमालीचा थकवाही येऊं शकतो. तोंड वांकडें होणें, एक हात लुळा पडणें, बोलणें अडखळणें हीं पक्षाघाताचीं चिन्हें. गुठळी विरघळविणारें औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देतां येतें. २०१४ पासून आपल्या राज्यांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते.

कोणी म्हणेल, औषधोपचाराची घाई म्हणजे श्रद्धेची उणीव. तसें नाहीं. सिराखच्या ग्रंथांत वैद्याचा मान राखावा असें सांगितलें आहे, कारण त्यासही परमेश्वरानेंच निर्माण केलें. प्रार्थना व उपचार यांत वैर नाहीं; दोहोंचा दाता एकच.

म्हणून माझें एवढेंच मागणें आहे. या महोत्सवाची आठवण म्हणून, येत्या महिन्याभरांत घरांतील प्रत्येक वडील माणसाचा रक्तदाब मोजून घ्यावा; आणि तसा प्रसंग ओढवल्यास प्रथम १०८ ला हांक मारावी, मग मला. मी इस्पितळाच्या दारांत येऊन संस्कार देईन. त्यास रात्र-अपरात्र म्हणणार नाहीं. पण त्याहून मोठा आनंद मला तेव्हां होईल, जेव्हां तोच माणूस पुढील रविवारीं स्वतःच्या पायांनीं मिस्सेस येईल.

येशूचें परमपवित्र हृदय आपल्या घराघरांतील हृदयें राखो. आमेन.